सर्जनशील लेखनातील पदव्युत्तर पदवी : इतिहास, स्वरूप आणि मराठी विभागांपुढील प्रश्न

प्रास्ताविक

आपल्या विद्यापीठांत कादंबरीवर प्रबंध लिहून पदवी मिळते. कादंबरी लिहून मिळत नाही. ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही विसंगती असावी असे सहसा कोणाला वाटत नाही. संगीत विभागात गायन करून, कलाशाळेत चित्र रंगवून, नाट्यशास्त्र विभागात प्रयोग उभा करून पदवी मिळवता येते. साहित्य विभागात मात्र विद्यार्थ्याने निर्मिती करावयाची नसून इतरांच्या निर्मितीविषयी लिहावयाचे असते. परिणामी, उत्तम कविता लिहिणारा एम.ए.चा विद्यार्थी आपली वही प्राध्यापकांच्या कक्षात संकोचाने काढतो आणि प्रकल्पासाठी मात्र दुसऱ्या एखाद्या कवीच्या कवितेचा ‘एक अभ्यास’ सादर करतो.

अमेरिकेत आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये या विसंगतीवर एक उत्तर शोधले गेले. ते म्हणजे सर्जनशील लेखनातील पदव्युत्तर पदवी. अलीकडे महाराष्ट्रातील विद्यार्थीही या पदवीविषयी चौकशी करू लागले आहेत आणि त्यांना शिफारसपत्र देण्याची वेळ मराठी-इंग्रजीच्या प्राध्यापकांवर येते. या पदवीचा उगम, तिचे प्रत्यक्ष कामकाज, तिच्यावरील आक्षेप आणि मराठी विभागांना तिच्यापासून घेता येण्याजोगा बोध यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संज्ञांचा खुलासा

प्रारंभी दोन संज्ञांविषयी स्पष्टता हवी. अमेरिकेत ‘ग्रॅज्युएट’ अभ्यासक्रम म्हणजे आपल्याकडील पदव्युत्तर अभ्यासक्रम होय. शब्दसाम्यामुळे होणारा घोटाळा अर्जाच्या वेळी महागात पडतो. दुसरी संज्ञा ‘एम.एफ.ए.’ अर्थात मास्टर ऑफ फाइन आर्ट्स. आपल्याकडे ही अक्षरे उच्चारताच चित्रकला वा शिल्पकला आठवते. अमेरिकेत मात्र सर्जनशील लेखनाची मुख्य पदवी हीच आहे. लेखन ही कला आहे आणि तिचे शिक्षण चित्रकलेप्रमाणेच कार्यशाळेत, प्रत्यक्ष कृतीतून व्हावे, ही भूमिका पदवीच्या नावातच आलेली आहे. तेथे ही पदवी त्या विषयातील अंतिम पदवी मानली जाते. म्हणजे अध्यापनासाठी पीएच.डी. अनिवार्य समजली जात नाही. ब्रिटनमध्ये मात्र बहुतांशी एक वर्षाचा एम.ए. प्रचलित आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

या अभ्यासक्रमाचा इतिहास मुख्यत्वे आयोवा विद्यापीठाशी निगडित आहे. मक्याच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेल्या या प्रांतातील विद्यापीठात १८९७ मध्ये पद्यरचनेचा वर्ग भरला. खरा निर्णायक बदल १९२२ मध्ये घडला. पदव्युत्तर महाविद्यालयाचे अधिष्ठाता कार्ल सीशोर यांनी उच्च पदवीसाठी सर्जनशील कृती प्रबंध म्हणून स्वीकारली जाईल, असे जाहीर केले. सीशोर हे साहित्यिक नव्हते, संगीताच्या मानसशास्त्राचे अभ्यासक होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कलानिर्मिती हे विद्यापीठीय कार्य होय, हे साहित्य विभागाबाहेरील एका शास्त्रज्ञाला मान्य झाले होते.

१९३६ मध्ये ‘आयोवा रायटर्स वर्कशॉप’ची रीतसर स्थापना झाली. तिचे पहिले संचालक विल्बर श्रॅम हे आपल्या प्राध्यापकांना संज्ञापनशास्त्राचे अभ्यासक म्हणून परिचित आहेत. त्यांच्यानंतर १९४१ ते १९६५ या काळात कवी पॉल एंगल यांनी ही संस्था नावारूपाला आणली. एंगल यांचा स्वतःचा प्रबंधही कवितासंग्रहच होता व तो १९३२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्यान्वये शिक्षणासाठी शासकीय साहाय्य मिळाले आणि अशा अभ्यासक्रमांना विद्यार्थी लाभले. जॉन्स हॉपकिन्स, स्टॅनफर्ड आदी विद्यापीठांतही याच दशकात लेखनाचे अभ्यासक्रम उभे राहिले. १९६७ मध्ये तेरा अभ्यासक्रमांच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन लेखक-अध्यापकांची संघटना स्थापन केली. आज अशा अभ्यासक्रमांची संख्या शेकड्यांत मोजावी लागते.

ब्रिटनमध्ये १९७० साली ईस्ट अँग्लिया विद्यापीठात माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन यांनी एम.ए. सुरू केले. इयन मॅक्युअन हे तेथील पहिले विद्यार्थी. २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे काझुओ इशिगुरो यांनीही १९८० मध्ये तेथूनच पदवी घेतली. भारतीय वाचकाला परिचित असलेल्या नावांत कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या किरण देसाई आणि आयोवा येथील सुकेतू मेहता यांचा उल्लेख करता येईल. विक्रम सेठ हे स्टॅनफर्ड येथे लेखनाचे अधिछात्र होते; परंतु त्या अधिछात्रवृत्तीतून पदवी मिळत नाही.

येथे मराठीत वारंवार होणारी एक गल्लत दूर करणे आवश्यक आहे. दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात आयोवा येथे होते, यावरून त्यांनी तेथे लेखनाची पदवी घेतली असा समज आढळतो. वस्तुतः ते ‘इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्राम’चे निमंत्रित लेखक होते. पॉल एंगल आणि चिनी कादंबरीकार ह्वालिंग नीए यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेला हा उपक्रम प्रस्थापित लेखकांना काही काळ निवास व सहवास देतो. तेथे परीक्षा नाही व पदवीही नाही. २०२५ च्या आरंभी अमेरिकन परराष्ट्र खात्याने या उपक्रमाचे अनुदान संपुष्टात आणले. त्यामुळे लेखकांच्या देवाणघेवाणीचा हा मार्ग आता पूर्वीइतका सुकर राहिलेला नाही.

अभ्यासक्रमाचे प्रत्यक्ष स्वरूप

एम.एफ.ए. साधारणतः दोन ते तीन वर्षांचा असतो. आयोवा येथील अभ्यासक्रम दोन वर्षांचा व ४८ श्रेयांकांचा आहे. त्याची तीन अंगे असतात. पहिले अंग कार्यशाळेचे. दुसरे साहित्यवाचनाच्या परिसंवादवर्गांचे. येथे कथा-कादंबऱ्यांचे वाचन समीक्षकाच्या नव्हे तर कारागिराच्या दृष्टीने केले जाते. अमुक प्रकरण कोठे थांबते, निवेदक कोणती माहिती राखून ठेवतो, काळ पुढेमागे कसा सरकतो, अशा प्रश्नांची तेथे चर्चा होते. तिसरे अंग प्रबंधाचे. कथासंग्रह, कवितासंग्रह अथवा कादंबरीचे हस्तलिखित हाच प्रबंध असतो. फ्लॅनरी ओ’कॉनर यांनी १९४७ मध्ये आयोवाला सादर केलेला प्रबंध हा त्यांचा कथासंग्रह होता.

कार्यशाळेची पद्धती वरकरणी अगदी साधी आहे. दहापंधरा विद्यार्थी व एक लेखक-अध्यापक एका टेबलाभोवती बसतात. ज्याचे लेखन चर्चेला आहे त्याची प्रत काही दिवस अगोदर सर्वांना दिलेली असते. प्रत्येकाने ती वाचून टिपणे काढावयाची असतात. पारंपरिक पद्धतीत चर्चा चालू असताना लेखकाने मौन पाळावे लागते. त्याने खुलासा करावयाचा नाही. कारण पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर प्रत्येक वाचकाच्या घरी जाऊन खुलासा करता येत नाही. मजकुरानेच बोलले पाहिजे, हे या नियमामागील तत्त्व होय. चर्चेनंतर लेखक पुनर्लेखन करतो. खरे शिक्षण होते ते या पुनर्लेखनात.

सर्जनशील लेखनातील पीएच.डी.चे स्वरूप थोडे वेगळे आहे. तेथे सर्जनशील कृतीसोबत समीक्षात्मक विवेचन जोडण्याची प्रथा आहे. या संदर्भात मार्गारेट वॉकर यांचे उदाहरण उद्बोधक ठरते. या आफ्रिकन-अमेरिकन कवयित्रीने १९४० मध्ये आयोवा येथे एम.ए.साठी कवितासंग्रह सादर केला. पुढे अध्यापन व संसार सांभाळून त्या पुन्हा तेथे गेल्या आणि १९६५ मध्ये पीएच.डी.साठी ‘ज्युबिली’ ही कादंबरी सादर केली. गुलामगिरीच्या काळातील आपल्या पणजीच्या जीवनावर आधारलेली ही कादंबरी वर्षभरातच प्रसिद्ध झाली. कौटुंबिक स्मृती, ऐतिहासिक साधने आणि कल्पनाशक्ती यांचा मेळ घालणारे हे लेखन ‘संशोधन’ नव्हे, असे म्हणण्याचे धाडस आज कोणी करणार नाही.

‘लेखन शिकवता येते काय ?’ : भारतीय काव्यशास्त्राची साक्ष

या पदवीवरील पहिला आक्षेप सर्वपरिचित आहे : प्रतिभा जन्मजात असते, ती शिकवता येत नाही. हा आक्षेप आपण भारतीय परंपरेच्या नावाने घेतो. परंतु आपल्या परंपरेचे म्हणणे याहून अधिक समतोल आहे. मम्मटाने काव्याच्या हेतूंमध्ये शक्तीबरोबरच निपुणता आणि अभ्यास यांची गणना केली आणि हा अभ्यास काव्य जाणणाऱ्यांच्या शिकवणुकीखाली व्हावा, असे म्हटले. अकराव्या शतकातील क्षेमेंद्राने ‘कविकण्ठाभरणा’त कवी होऊ इच्छिणाऱ्यांसाठी शिक्षणक्रमच दिला. त्याने शिष्यांचे अल्पप्रयत्नसाध्य, कष्टसाध्य व असाध्य असे भेद केले आणि व्याकरणाने व तर्काने शुष्क झालेल्यांची गणना असाध्यांत केली. अध्यापकवर्गाने हा शेरा मनावर घेण्यास हरकत नाही.

राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. त्याने कवीच्या दिवसाचे प्रहरांनुसार नियोजन सांगितले आहे : पहिल्या प्रहरात विद्यांचे अनुशीलन, दुसऱ्यात रचना, भोजनोत्तर तिसऱ्यात काव्यगोष्ठी आणि चौथ्यात सकाळच्या रचनेचे परीक्षण. वाचन, लेखन, चर्चा व पुनर्लेखन हाच क्रम आयोवाच्या कार्यशाळेतही आढळतो. राजशेखराने प्रतिभेचे कारयित्री व भावयित्री असे दोन प्रकारही मानले. पहिली कवीला उपकारक, दुसरी रसिकाला. या परिभाषेत बोलावयाचे तर कार्यशाळा कारयित्री प्रतिभा देऊ शकत नाही. परंतु लेखकातील भावयित्री प्रतिभा ती निश्चित जागी करते. आपले लेखन परक्या नजरेने वाचता येणे ही शिकण्याजोगी गोष्ट आहे. बहुतेक होतकरू लेखकांचे अडते ते याच ठिकाणी.

आधुनिक मराठीतही लेखकाचे शिक्षण झाले. ते विद्यापीठाबाहेर झाले इतकेच. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळात कवी एकमेकांच्या कविता ऐकत व त्यांवर बोलत. ‘सत्यकथे’च्या काळात श्री. पु. भागवत व राम पटवर्धन यांच्या संपादकीय साक्षेपातून अनेकांना पुनर्लेखनाचे धडे मिळाले. साठोत्तरी अनियतकालिकांनी या संपादकीय अभिरुचीविरुद्ध बंड केले, तर गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने व त्याच्या मेळाव्यांनी प्रस्थापित नियतकालिकांत ज्यांना जागा नव्हती अशा लेखकांची एक पिढी उभी केली. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडले. हस्तलिखितावर चार ओळींचे मनःपूर्वक पत्र लिहिणारा संपादक आज दुर्मीळ आहे. ती जागा कोणी घ्यावयाची, हा प्रश्न आहे आणि तो केवळ भावनिक नाही.

आक्षेप आणि मर्यादा

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : कार्यशाळेत सर्वांचे लेखन एकाच साच्यात बसवले जाते. मार्क मॅक्गर्ल यांनी २००९ च्या ‘द प्रोग्रॅम एरा’ या ग्रंथात युद्धोत्तर अमेरिकन कथासाहित्यावर या अभ्यासक्रमांचा किती खोल ठसा आहे, ते विस्ताराने दाखवले. एरिक बेनेट यांनी २०१५ मध्ये शीतयुद्धकालीन राजकारणाशी व प्रतिष्ठानांच्या देणग्यांशी असलेले त्यांचे नाते उलगडले. विचारप्रणालीपेक्षा इंद्रियगोचर तपशिलाला महत्त्व देणारी जी शैली ‘शुद्ध कारागिरी’ म्हणून शिकवली गेली, तीही एका विशिष्ट काळाची आणि दृष्टीची निर्मिती होती, असा या मांडणीचा आशय आहे.

या आक्षेपाची सामाजिक बाजू आपल्याला अधिक जवळची आहे. सॅन्ड्रा सिस्नेरोस ही मेक्सिकन-अमेरिकन, कामगार कुटुंबातील विद्यार्थिनी १९७८ मध्ये आयोवाची पदवीधर झाली. एका वर्गात ‘घर’ या प्रतिमेवर चर्चा चालू असताना सहाध्यायी ज्या घरांच्या आठवणी सांगत होते तसे घर आपल्याला कधीच नव्हते, याची जाणीव त्यांना झाली. वर्गात कोणी सांगू शकणार नाही अशा गोष्टी लिहावयाच्या, असे त्यांनी त्या क्षणी ठरवले. त्यातून १९८४ मधील ‘द हाऊस ऑन मँगो स्ट्रीट’ साकारले. येथे कार्यशाळेने लेखिका घडवली असे म्हणावे, की कार्यशाळेला केलेल्या विरोधाने ? दोन्ही विधाने काही अंशी खरी आहेत. २०१४ मध्ये जुनो डियाझ यांनी आणि २०२१ मध्ये मॅथ्यू सॅलेसेस यांनी हाच प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. टेबलाभोवतालच्या बहुसंख्यांना ज्या जगाची ओळख नाही, त्या जगातील लेखकाला मौन पाळावयास सांगणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे होय, हे सॅलेसेस यांचे प्रतिपादन आहे. वस्तीवरून, पाड्यावरून वा ऊसतोड कामगारांच्या कुटुंबातून आलेला विद्यार्थी डोळ्यांसमोर आणला की या आक्षेपाचे गांभीर्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्याच्या बोलीतील शब्दाला ‘दुर्बोध’ ठरवणारी कार्यशाळा त्याचे लेखन सुधारत नाही, त्याला गप्प करते.

तिसरा आक्षेप आर्थिक आहे. काही अभ्यासक्रमांत शुल्कमाफी व विद्यावेतन मिळते. त्याच्या मोबदल्यात बहुधा पदवीपूर्व वर्गांना निबंधलेखन शिकवावे लागते. इतरत्र मात्र संपूर्ण शुल्क भरावे लागते. या पदवीने नोकरीची हमी मिळत नाही. अध्यापनाच्या जागेसाठी प्रसिद्ध पुस्तकांची अपेक्षा असते. म्हणून कर्ज काढून ही पदवी घ्यावी काय, या प्रश्नाचे उत्तर अध्यापकाने विद्यार्थ्याला भीड न ठेवता दिले पाहिजे.

इच्छुक विद्यार्थी आणि मार्गदर्शक

प्रवेशाचा मुख्य आधार गुणपत्रिका नसून लेखनाचा नमुना हा असतो. मराठीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे येथे मूलभूत पेच उभा राहतो, कारण बहुतेक अभ्यासक्रमांचे माध्यम इंग्रजी आहे. स्वतःचे लेखन अनुवादित करून पाठवल्यास ते अनुवादित असल्याचा स्पष्ट निर्देश करावा. साहित्यानुवादाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचाही अशा विद्यार्थ्याने विचार करावा. तेथे मराठीचे ज्ञान ही उणीव न ठरता भांडवल ठरते. शिफारसपत्रात विद्यार्थ्याच्या सुस्वभावाचे वर्णन अपुरे आहे. तो टीका कशी घेतो, किती वेळा पुनर्लेखन करतो, काय वाचतो, याची उदाहरणे त्यात हवीत.

परतल्यानंतरच्या अडचणींचीही पूर्वकल्पना द्यावयास हवी. राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या विषयसूचीत सर्जनशील लेखन हा स्वतंत्र विषय नाही. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये विनियम अधिसूचित केले आहेत. त्यांनुसार समकक्षता मिळाली तरी ही पदवी इंग्रजी वा मराठी विभागातील पदासाठी ‘संबंधित विषय’ ठरेल काय, हा प्रश्न उरतो. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतील गुणांकन तक्त्यात मानव्यविद्यांतील शोधनिबंधाला १० आणि अनुवादित ग्रंथाला ८ गुण आहेत. सर्जनशील कृतीसाठी वेगळे सदर नाही. ज्या शिक्षकाने वर्गात सर्जनशील लेखन शिकवावे अशी अपेक्षा आहे, त्याच्या स्वतःच्या कवितासंग्रहाची नोंद कोठे करावयाची, हे निश्चित नाही.

मराठी विभागांपुढील शक्यता

रिद्धपूर येथील मराठी भाषा विद्यापीठात २०२४ पासून अध्यापन सुरू झाले असून त्याच वर्षी मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. ही वेळ या प्रश्नाच्या विचाराला अनुकूल आहे. केरळमध्ये तिरूर येथील मलयाळम विद्यापीठाने सर्जनशील लेखनाला पदव्युत्तर स्तरावर स्थान दिले आहे, हे उदाहरण समोर आहे.

तथापि नव्या पदवीची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पुनर्रचित एम.ए. अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्पाचा समावेश आहे. अभ्यासमंडळांनी ठरवल्यास या प्रकल्पाचा एक पर्याय म्हणून सर्जनशील हस्तलिखित आणि त्यासोबत लेखनप्रक्रियेचे विवेचन स्वीकारता येईल. २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. बंद झाल्यानंतर छोट्या पल्ल्याचे प्रयोग करून पाहण्याची जागा आता हीच उरली आहे.

मूल्यमापन कसे करावयाचे, ही शंका येथे स्वाभाविक आहे. परंतु अंतिम कृतीलाच सर्व गुण देण्याची आवश्यकता नाही. सुरुवातीचे खर्डे, त्यांत झालेले बदल, इतरांच्या लेखनावर दिलेल्या लेखी प्रतिक्रिया आणि विवेचन यांना गुण विभागून देता येतात. चित्रकलेच्या परीक्षेत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. हस्तलिखिताच्या प्रकाशनहक्काचाही प्रश्न आहे. २००८ मध्ये आयोवा येथे लेखनाचे प्रबंध आंतरजालावर मुक्तपणे उपलब्ध करण्याच्या शक्यतेला विद्यार्थ्यांनी तीव्र विरोध केला आणि विद्यापीठाला माघार घ्यावी लागली. कारण आधीच सर्वत्र उपलब्ध झालेले पुस्तक प्रकाशक सहसा घेत नाहीत. पुढे कधी मराठीत अशी पीएच.डी. सुरू झाली तर ‘शोधगंगा’वर प्रबंध ठेवण्याच्या नियमाचा या अंगाने आधीच विचार करावा लागेल.

निष्कर्ष

१. सर्जनशील लेखनाची पदवी प्रतिभा देत नाही. ती वेळ, वाचक आणि पुनर्लेखनाची शिस्त देते. ही अपेक्षा भारतीय काव्यशास्त्रातील कविशिक्षेच्या विचाराशी सुसंगत आहे.

२. कार्यशाळा ही तटस्थ पद्धती नाही. टेबलाभोवती कोण बसले आहे यावर तिचा न्याय-अन्याय अवलंबून असतो. मराठीत ती स्वीकारताना बोली व सामाजिक अनुभव यांना प्रथमपासून स्थान हवे. लेखकाला आपल्या जगाविषयी बोलण्याची मुभा हवी.

३. परदेशी पदवीचा सल्ला देताना विद्यावेतन, भाषा व समकक्षता या तिन्ही बाबी विद्यार्थ्यापुढे स्पष्ट ठेवणे हे मार्गदर्शकाचे कर्तव्य आहे.

४. प्रचलित एम.ए. अभ्यासक्रमातील संशोधन प्रकल्पाच्या चौकटीत सर्जनशील हस्तलिखिताचा पर्याय देणे शक्य आहे व त्यासाठी नव्या पदवीची गरज नाही.

विद्यार्थ्याची कवितेची वही साहित्य विभागात आजही येते. फक्त ती अभ्यासक्रमाच्या बाहेर, तासिका संपल्यानंतर येते. ती अध्यापकाने वाचावी आणि तिच्याविषयी काही नेमके सांगावे, एवढी अपेक्षा पूर्ण करण्यास कोणत्याही विनियमाची आडकाठी नाही. पदवीचा प्रश्न त्यानंतरचा आहे.